पुराची पातळी कुठे लावायची? शनिवार पेठेतल्या एका वाड्याचं प्रकरण

पुण्याच्या शनिवार पेठेत मुठेकडे उतरत जाणाऱ्या गल्ल्यांपैकी एकीत हा वाडा होता. दुमजली, पुढे दगडी ओटा, आत छोटा चौक, आणि रस्त्याकडच्या भिंतीत माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर बसवलेला एक संगमरवरी दगड. त्यावर चार ओळी कोरलेल्या: ‘पानशेत पूर, १२ जुलै १९६१, येथपर्यंत पाणी’, आणि खाली तो बसवल्याचं साल, १९६२. मालकांच्या वडिलांनी स्वतःच्या खर्चाने तो बसवला होता. कोणत्याही वारसा यादीत वाडा नव्हता, त्यामुळे दगडही नव्हता.

वाडा पाडून तिथे पार्किंगवर पाच मजले उभे राहायचे ठरले. मालक आणि भाडेकरू यांच्यात जागांची वाटणी ठरली, विकसकाशी करारनाम्याचा मसुदा तयार झाला, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की त्या दगडाचं काय करायचं हे कुठेच लिहिलेलं नाही. मी स्थापत्य अभियंता आहे, जुन्या इमारतींची मोजमापं हा माझा रोजचा उद्योग. मालकांनी मला बोलावलं ते एवढ्याच कामासाठी: दगड न फुटता काढायचा आणि नव्या इमारतीत बसवायचा. काम वाटलं त्यापेक्षा बरंच खोल निघालं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. पेठांमध्ये वाडे रोज पडत आहेत आणि अशा खुणा अजून काही भिंतींवर शिल्लक आहेत.

आधी त्या दिवसाबद्दल थोडं. मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण बांधलं जात होतं. काम पुरतं संपण्याआधीच १९६१ च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठलं. पाणी सोडण्याच्या मोरीवरचा भराव खचत गेला, धरणाचा माथा बसू लागला, आणि ११ जुलैच्या रात्री लष्कराच्या जवानांनी भर पावसात वाळूची पोती रचून तो धरून ठेवण्याची शिकस्त केली. त्या पोत्यांमुळे धरण रात्री न फुटता सकाळी फुटलं. पुण्यातली किती माणसं केवळ त्यामुळे वाचली याचा हिशेब मांडता येत नाही, पण अंधारात झोपेत लोंढा आला असता तर काय झालं असतं हे पेठांतल्या प्रत्येक जुन्या माणसाला कळतं. पानशेतचं पाणी खाली १८७९ च्या खडकवासला धरणात शिरलं. तेही टिकलं नाही. दोन्ही धरणांचं पाणी मुठेच्या पात्रातून शहरात आलं. पुलाची वाडी, डेक्कन, नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार अशा कितीतरी भागांत घरंच्या घरं बसली. खडकवासला गेल्यामुळे पूर ओसरल्यावर शहराला प्यायला पाणी नव्हतं. लोक विहिरींवर आणि पेशवाईतल्या कात्रजच्या नळाच्या हौदांवर गेले. चौकशीसाठी आधी न्यायमूर्ती बावडेकर आणि मग न्यायमूर्ती नाईक यांचा आयोग बसला. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर हे आजचे भरवस्तीचे भाग वाढले ते पूरग्रस्तांच्या पुनर्वसनातून.

एवढं सगळं त्या चार ओळींच्या दगडामागे होतं.

पहिल्या बैठकीत तीन सूचना आल्या. विकसकाचं म्हणणं, दगड नव्या इमारतीच्या प्रवेशात, लिफ्टशेजारच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला लावू. वर छान दिवा देऊ, येणारा-जाणारा वाचेल. मालकांच्या धाकट्या भावाचं म्हणणं, एखाद्या संग्रहालयाला देऊन टाकू, निदान सांभाळला तरी जाईल. आणि बहुतेक भाडेकरूंचं म्हणणं सगळ्यात साधं: आज रस्त्यापासून जितक्या उंचीवर आहे तितक्याच उंचीवर नव्या भिंतीत बसवा.

तिन्ही सूचना चांगल्या मनाने केलेल्या होत्या आणि तिन्हींमुळे दगड खोटा पडला असता.

पुण्यात घरांवर निळ्या पाट्या दिसतात, अमुक थोर व्यक्ती येथे राहत होती म्हणून. अशी पाटी दारावरून फाटकावर गेली, फाटकावरून कुंपणावर गेली, तरी तिच्यावरचं विधान खरंच राहतं. पुराच्या पातळीचं तसं नाही. ‘येथपर्यंत’ हे त्या दगडावरचं मुख्य विधान आहे आणि ते अक्षरांनी सांगितलेलं नाही, दगडाच्या जागेने सांगितलेलं आहे. तो डोळ्यांच्या उंचीला आणला की पाणी पाच फूट होतं असं सांगू लागतो. संग्रहालयात नेला तर काहीच सांगत नाही. आणि दुसऱ्या पेठेत नेऊन समुद्रसपाटीपासूनची तीच उंची साधली तरीही तो चुकीचाच, कारण वाहत्या पुराचा पृष्ठभाग सपाट नसतो. नदी ज्या दिशेला वाहते त्या दिशेने तो उतरत जातो. गल्लीच्या रुंदीत चार-सहा फूट इकडेतिकडे झालं तर फरक नगण्य. उभ्या दिशेत मात्र दोन इंचही सरकवायला नको.

तिसरी सूचना, रस्त्यापासूनच्या उंचीची, सर्वांना पटलेली होती, म्हणून तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. मी मालकांना विचारलं, “काका, लहानपणी ओट्यावर चढायला पायऱ्या होत्या का?” ते म्हणाले, “होत्या की, तीन. शेवटच्या पायरीवर बसून आम्ही गोट्या खेळायचो.” आज त्या पायऱ्या कुठेच नव्हत्या. उलट रस्ता ओट्यापेक्षा दोन इंच वर आला होता आणि पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून उंबऱ्यापुढे विटांचा बांध घातला होता. पेठांत राहणाऱ्या कुणालाही हे नवं नाही. जुना थर न खरवडता त्यावर डांबराचा नवा थर, मग ड्रेनेजसाठी खोदाई, मग वरून सिमेंट काँक्रीट, असं करत रस्ता वर येतो आणि घरं खाली जातात.

फीत लावली. आजच्या रस्त्यापासून दगडाची खालची कड आठ फूट एक इंचावर. तीन पायऱ्यांची उंची, सात-सात इंचांच्या हिशेबाने एकवीस इंच धरली आणि रस्ता ओट्यावर चढला ते दोन इंच मिळवले, तर १९६१ च्या रस्त्यापासून तीच कड दहा फुटांवर जाते. म्हणजे आज गल्लीत उभं राहून दगडाकडे पाहणारा माणूस पुराला जवळजवळ दोन फुटांनी कमी लेखतो आहे. आजची उंची नव्या भिंतीत कायम केली असती, तर ही घट कायमची कोरली गेली असती आणि पुढच्या काँक्रीटनंतर तीही आणखी वाढली असती. तेव्हा रस्त्यापासून मोजायचंच नाही, हे बैठकीत ठरलं.

मग मोजायचं कशापासून? जे पडणार नाही, उंचावणार नाही, अशा कशापासून तरी. गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं छोटं देऊळ आहे, त्याचं जोतं काळ्या घडीव दगडाचं. त्या जोत्याच्या एका कोपऱ्यावर छिन्नीने बारीक फुली मारायची परवानगी पुजाऱ्यांनी दिली. “कशासाठी ते नीट सांगा, मग मारा,” एवढीच अट घातली, आणि ऐकून घेतल्यावर त्यांनीच आणखी दोन घरांवरच्या खुणा दाखवल्या, त्यांच्याबद्दल पुढे लिहितो. ती फुली आमचा बेंचमार्क. तिथून ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (मापं आखलेली उभी पट्टी) लावून पातळी वाड्यापर्यंत आणली, दगडाच्या दोन्ही कडांवर वाचन घेतलं आणि परत फुलीपर्यंत नेऊन जुळवलं. नेतानाचा आणि आणतानाचा फरक तीन मिलिमीटर आला, जो या कामाला पुरेसा चांगला आहे. नंतर हीच फुली शासकीय सर्वेक्षणाच्या ज्ञात पातळीशी जोडून तिची समुद्रसपाटीपासूनची उंची काढली.

यात एक साधा मुद्दा आहे जो मी आता प्रत्येक वाड्याच्या मालकाला सांगतो. हे वाचन वाडा उभा असतानाच घ्यावं लागतं. पाडल्यावर दगड हातात असतो, फोटो असतात, आठवणी असतात, पण पातळी गेलेली असते आणि ती कशानेही परत येत नाही.

इथपर्यंत प्रकरण सरळ होतं. दगड काढायला घेतला तेव्हा गुंता झाला.

मिस्त्रींनी ग्राइंडर लावायला नकार दिला, आणि ते बरोबरच होतं. संगमरवराच्या पाठीला बारीक चीर असली तर कंपनाने तो दुभंगतो. त्यांनी भोवतीचा गिलावा छिन्नीने हळूहळू उडवायला सुरुवात केली. वरून ऑइल पेंट, त्याखाली डिस्टेंपरचे थर, त्याखाली चुन्याची जुनी सफेदी. दगडाच्या उजव्या बाजूला वीतभर गिलावा मोकळा झाला तेव्हा सफेदीच्या अगदी तळच्या थरावर तांबडी आडवी रेघ दिसली. गेरूची. ब्रशाने ओढलेली, हात थोडा थरथरलेला, पण आडवी. डावीकडचा गिलावा काढल्यावर तीच रेघ तिकडेही निघाली. आणि ती दगडाच्या खालच्या कडेला नव्हती, वरच्या कडेच्या रेषेत होती. दगड अकरा इंच उंच. म्हणजे इतकी वर्षं सगळे ज्या कडेला पुराची पातळी समजत होते, तिच्यापेक्षा पाणी अकरा इंच वर होतं, किंवा मग गेरूची रेघ तरी चुकीची होती.

दगडावर रेघ कोरलेली नव्हती. ‘येथपर्यंत’ म्हणजे कोणत्या कडेपर्यंत हे त्यावर कुठेच नव्हतं. विकसकाच्या वास्तुविशारदाने नकाशात खालची कड धरली होती. मीही पहिल्या हिशेबात खालचीच घेतली होती, कारण बोलण्यात सगळे तीच दाखवत होते.

काम थांबवलं आणि पुरावे गोळा करायला लागलो. वाड्यात माडीवर एक आजी राहत होत्या. १९६० मध्ये लग्न होऊन त्या या घरात आल्या. पुराच्या दिवशी घरातली काही माणसं आधीच पर्वतीकडे निघून गेली होती. सासूबाई आजारी म्हणून आजी, त्यांचे सासरे आणि सासूबाई माडीवरच राहिले. मी त्यांना दगडाबद्दल विचारलंच नाही, कारण दगडाबद्दलची सगळ्यांची आठवण दगड पाहून पाहून तयार झालेली असते. विचारलं फक्त, “आजी, जिन्यात पाणी कुठवर होतं?” त्या लगेच म्हणाल्या, “वरच्या चार पायऱ्या तेवढ्या कोरड्या होत्या. मी मोजत बसले होते. दुसरं करायचं काय होतं? पाचवी बुडाली तेव्हा सासरे म्हणाले, आता कौलांवर जायची तयारी ठेवा. मग चौथीला लागलंच नाही.” गेरूची रेघही सासऱ्यांनीच मारली, हेही त्यांनी मग आपणहून सांगितलं. पाणी उतरल्यावर भिंतीवर चिखलाचा पट्टा होता, तो धुण्याआधी त्यांनी त्याच्या वरच्या कडेला रेघ ओढून ठेवली. दगड पुढच्या वर्षी आला.

जिना अजून तोच होता, सागवानी, झिजलेला. लेव्हल आत नेली आणि वरून चौथ्या आणि पाचव्या पायरीची वाचनं घेतली. दगडाची वरची कड त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये पडली. खालची कड पाचव्या पायरीच्याही खाली गेली.

तिसरा पुरावा वाडा उतरवताना मिळाला. चौकातल्या एका खांबाच्या डोक्याशी तुळईचं कुसू, म्हणजे खाचेत शिरणारं टोक, बसलेलं होतं आणि त्या खाचेत वाळून दगडासारखा झालेला बारीक राखाडी गाळ होता. घरातली धूळ अशी नसते. हा पाण्यातून आलेला, थराथराने बसलेला नदीचा गाळ. आत कुणाचा हात जाणं शक्य नव्हतं, त्यामुळे तो कधी धुतला गेला नव्हता. गाळाचा सगळ्यात वरचा थर दगडाच्या वरच्या कडेपेक्षा सव्वा इंच खाली होता. गाळ पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरा खालीच बसतो, तेव्हा हेही जुळलं. ज्या सुताराने तो खांब उतरवला त्याने तो खाचेचा तुकडा कापून आम्हाला दिला. त्यावर मोजमाप लिहून तो मालकांच्या ताब्यात दिला आहे.

तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या खुणा एका पातळीवर मिळत होत्या. वरची कड खरी. १९६२ च्या गवंड्याने रेघेखालची वीट फोडून, रेघेला वरची कड लावून दगड बसवला होता; नंतरच्या रंगकामात रेघ झाकली गेली आणि संदर्भ गेला. १९६१ च्या रस्त्यापासून हिशेब केला तर पाणी दहा फूट अकरा इंच. आज रस्त्यावरून खालची कड पाहणाऱ्याला दिसतं आठ फूट एक इंच. जवळजवळ तीन फुटांचा फरक. त्यातला सुमारे दोन-तृतीयांश रस्ता उंचावल्याने आणि एक-तृतीयांश कोणती कड हे विसरल्याने.

आता बसवायचं कुठे. जुनी भिंत रस्तारुंदीच्या रेषेत येत होती, त्यामुळे नवी इमारत मागे सरकणार होती. फाटकाशेजारी कुंपणाच्या आत एक दगडी स्तंभ उभा करायचा आणि त्यात दगड बसवायचा, वरची कड ठरलेल्या पातळीवर, असा प्रस्ताव मी दिला. जुन्या जागेपासून अंतर साधारण सात फूट, तेही गल्लीच्या आडव्या दिशेत.

यावर खरा विरोध आला तो पैशाच्या बाजूने. विकसक म्हणाले, “साहेब, फ्लॅट बघायला येणारा माणूस फाटकातच अकरा फूट पाण्याची पाटी वाचणार आणि माघारी फिरणार.” त्यांची काळजी मी हलक्यात घेतली नाही. शहरात पुराची भीती खरी आहे. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पस्तीस हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, हे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी तर जवळपास प्रत्येक पावसाळ्यात येते. पण म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा खडकवासल्यातून अनुक्रमे साठ हजार आणि एक लाख क्युसेक विसर्गाचा हिशेब धरून आखलेली आहे. बांधकामाला परवानगी देताना ती पाहिली जाते. १९६१ ची पातळी दोन धरणं फुटल्याची आहे. ती दरवर्षीच्या पुराचा अंदाज सांगत नाही, त्या दिवशी काय घडलं ते सांगते. हे स्तंभावरच स्पष्ट लिहिलं तर घाबरण्याचं कारण राहत नाही, आणि लिहिलं नाही तर मात्र विकसकांचा मुद्दा बरोबर ठरतो.

म्हणून जुन्या दगडाखाली एक नवी पट्टी आली. जुन्या मजकुराला हात लावला नाही. नव्या पट्टीवर एवढंच आहे: पानशेत आणि खडकवासला ही धरणं फुटून आलेल्या पाण्याची कमाल पातळी म्हणजे वरील दगडाची वरची कड, तिची समुद्रसपाटीपासूनची उंची, दगड मूळचा कोणत्या भिंतीवर होता आणि किती सरकवला, आणि पातळी मोजल्याचं साल. धरणं फुटल्याचा उल्लेख हवाच, असा आजींचा आग्रह होता. जुन्या दगडावर नुसतं ‘पूर’ आहे, जणू मुठाच एका सकाळी उफाळून आली. गेल्या साठ वर्षांत वाढलेल्या मुलांना ते धरणाच्या बांधकामातल्या दोषाने घडलं हे त्या दगडावरून कळत नव्हतं. भावनांनी भरलेला मजकूरही सुचवला गेला होता, ‘महाप्रलय’ वगैरे. मला स्वतःला आकडा आणि कारण यांपलीकडे एक शब्दही नको होता आणि शेवटी तसंच ठरलं.

हे सगळं तोंडी ठरून उपयोग नव्हता. करारनाम्याच्या परिशिष्टात एक कलम घातलं: दगड कुणी सांभाळायचा, वाडा पाडण्याआधी पातळीची नोंद पूर्ण झाली असली पाहिजे, स्तंभ बसवल्यावर पातळी पुन्हा तपासायची आणि पुढे सोसायटी स्थापन झाल्यावर स्तंभाचा नकाशा आणि बेंचमार्कचं रेखाटन सोसायटीच्या दप्तरात द्यायचं. कलमाला खर्च जवळजवळ नव्हता, त्यामुळे सह्या करताना कुणी खळखळ केली नाही. इमारत पूर्ण झाल्यावर स्तंभाची पातळी तपासली तेव्हा ती चार मिलिमीटर जास्त निघाली, सिमेंटच्या थराची जाडी वाढल्यामुळे. मिस्त्रींनी दगड काढून पुन्हा बसवला. कुणी म्हणालं, चार मिलिमीटरने काय होतं? काही होत नाही, हे खरं आहे. पण ज्या कामात अकरा इंच गिलाव्याखाली हरवले होते, त्यात पहिल्याच दिवशी सूट द्यायला मन होईना.

पुजाऱ्यांनी दाखवलेल्या दोन खुणांपैकी एक नदीच्या उगमाकडच्या बाजूला आहे आणि दुसरी पुढे, ओंकारेश्वराच्या बाजूला. दोन्ही घरमालकांनी मोजू दिलं. मारुतीच्या फुलीपासून दोन्हीची पातळी काढली तर पहिली आमच्या दगडापेक्षा वर आणि दुसरी खाली निघाली, म्हणजे उतार बरोबर प्रवाहाच्या दिशेने. एका ओळीतल्या तीन खुणा हाती आल्या की त्या दिवशीच्या पाण्याचा पृष्ठभाग कागदावर काढायला सुरुवात करता येते, आणि पेठांतल्या उरलेल्या खुणा मिळाल्या तर तो डेक्कनपासून कसब्यापर्यंत नेता येईल.

ओंकारेश्वराकडच्या त्या घरालाही आता पुनर्विकासाची बोलणी लागली आहेत. तिथली रेघ डांबराची आहे, दगड नाही, त्यामुळे काढून नेण्यासारखं काहीच नाही. भिंत पडली की रेघ गेली. त्यांच्याकडे पातळीची नोंद, फोटो आणि रेघेच्या दोन्ही टोकांची मापं दिली आहेत, आणि करारनाम्यात घालायच्या कलमाचा मसुदाही. त्यांच्या वकिलांनी त्यात एक वाक्य वाढवलं आहे, जे मला आमच्या कलमातही हवं होतं: स्तंभासमोरचा रस्ता पुढे कितीही उंचावला तरी स्तंभ किंवा दगड वर उचलायचा नाही.